पाटीवर २५०, चाकात १०००

आमच्या घरात गाडीतलं कळणारं माणूस म्हणजे माझे सासरे. आप्पांनी तेहतीस वर्षं एसटी चालवली. मी एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते, दिवसभर लोकांचे सातबारे आणि जामीनदारांचे पगारदाखले उलटेपालटे करून बघते. म्हणजे गाडी ओळखणारा एक आणि कागद ओळखणारी एक, अशी दोन माणसं घरात असून आम्ही फसलो. रक्कम अडुसष्ट हजार. पुढचा खर्च वेगळा.

आप्पा एकाहत्तरचे. लायसन्सची मुदत संपून तीन वर्षं झालेली, आणि परत टेस्ट द्यायला ते काही तयार नव्हते. ("मी काय आठ काढून दाखवू आता?") पण सकाळी राजवाड्यापर्यंत जायचं, मोती चौकात दोन ओळखीच्या लोकांना भेटायचं, येताना भाजी आणायची, हे त्यांना हवंच असतं. साताऱ्यात राहणाऱ्यांना सांगायला नको की इथे कुठेही निघालं तरी एकतर चढ लागतो नाहीतर उतार. म्हणून ई-बाईक. दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: लायसन्स नको, नोंदणी नको, विमा नको.

हे तिन्ही खरं असू शकतं, म्हणूनच माणूस गाफील राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम २ च्या 'यू' कलमात, तशी सवलत आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती (म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते तेवढी) ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा, कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत, शिवाय योग्य ब्रेक आणि रिफ्लेक्टर. इतकं सगळं असेल तर ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. सगळं असेल तर. एक जरी अट मोडली तरी ती मोटार वाहन ठरते. मग नंबरप्लेट, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळं लागतं.

दुकानदार पस्तिशीचा, फार गोड बोलणारा. आप्पांना "काका, बसा" म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला. मागच्या चाकाच्या मधोमध जो गोल डबा असतो, तीच हब मोटर. तिच्यावर चंदेरी पाटी चिकटवलेली होती: २५० वॅट. त्याने बोट ठेवून दाखवली. गाडी सवलतीत बसते याचं सर्टिफिकेट मी मागितलं, एवढं डोकं चाललं माझं. त्याने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून झेरॉक्स काढून दिली. वरती चाचणी संस्थेचं नाव, खाली शिक्का. मी शिक्का बघितला आणि फोल्डर पर्समध्ये टाकला. पतसंस्थेत एखाद्या शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

पहिल्याच दिवशी मी आणि आप्पा दोघं बसून पोवई नाक्यावरून समर्थ मंदिराकडे गेलो. गाडी सरसर चढली. मी खूश. आप्पा घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, "सूनबाई, ही पंचवीसची गाडी नाही." मी म्हटलं, चांगलंच आहे की मग. ते म्हणाले, "मीटर अडतीस दाखवत होता."

मी दुकानात फोन लावला. उत्तर तयार होतं: "मॅडम, चायना मीटर आहे, दहा-बारा जास्तच दाखवतो." आप्पांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मीटर चुकेल. कानाला लागणारा वारा चुकतो का?" आणि विषय मिटला. म्हणजे मी मिटवला.

अडीच महिन्यांनी, सकाळी साडेनऊला, उतारावर आप्पांसमोर एक बाई अचानक रस्ता ओलांडायला आल्या. ब्रेक लागला, पण गाडी थांबली नाही. आप्पा खरचटण्यावर निभावले. त्या बाईंचं मनगट मोडलं. प्लास्टर, एक्सरे, औषधं, आणि त्या पोळ्यांची कामं करायच्या, तर बुडालेले दीड महिन्याचे पैसे: एकूण एकतीस हजार आमच्या खिशातून गेले. देणं योग्यच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्या मुलाने आम्हाला एक वाकडा शब्द बोलला नाही, याची मला आजही लाज वाटते. पण विमा असता तर हे विम्यातून जाऊ शकलं असतं, आणि विमा नव्हता कारण "लागत नाही".

चौकीत मोटार वाहन निरीक्षक आले होते. त्यांनी पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न विचारला, "बॅटऱ्या किती आहेत?" मला माहीत नव्हतं. त्यांनी फूटबोर्डचं झाकण उघडायला लावलं. बारा व्होल्टच्या पाच काळ्या बॅटऱ्या एकापुढे एक. "पाच बारे साठ. आता तुमचं सर्टिफिकेट बघा." झेरॉक्सवर बॅटरी ४८ व्होल्ट. म्हणजे चार. कागद खरा होता, पण दुसऱ्याच गाडीचा. त्याच कंपनीची, त्याच नावाची, तशाच अंगाची. फक्त नावाच्या शेवटी दोन अक्षरं वेगळी. एकाच सांगाड्यात दोन प्रकार निघतात: एक कमी वेगाचा, सवलतीतला, आणि दुसरा मोठ्या मोटरचा. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर रंगानेही फरक कळत नाही.

कागद मी सातआठ मिनिटं हातात धरून बसले होते. मोटर, बॅटरी, वजन, सगळं त्यावर छापलेलं होतं. वाचायला कुणी अडवलं नव्हतं.

दंडाचं काय झालं ते झालं. विना नोंदणी गाडीला कायद्यात पाच हजारांपर्यंत, विमा नसेल तर दोन हजार, लायसन्स नसलेल्याला पाच हजार. आणि निरीक्षक जाता जाता म्हणाले, "नशीब समजा, आजोबा चालवत होते. नातू असता तर?" अठराच्या आतलं पोर मोटार वाहन चालवताना सापडलं तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली आहे. आमचा ओंकार दहावीत आहे. तो ही गाडी क्लासला न्यायचा. आठवड्यातून तीनदा. मी त्या रात्री झोपले नाही.

गाडी घरी आल्यावर आप्पांनी त्यांच्या ओळखीचे एक वायंडिंगवाले बोलावले. हे गृहस्थ शेतातल्या पंपांच्या जळक्या मोटरी भरून देतात, ई-बाईकशी त्यांचा संबंध नाही, पण तांबं आणि लोखंड त्यांना कळतं. पुढचं जे बघितलं ते सविस्तर सांगते, कारण हे कुणालाही दुकानात उभ्या उभ्या बघता येईल.

त्यांनी आधी चंदेरी पाटी नखाने उचकटली. ती सहज निघाली, वहीवरच्या लेबलासारखी. खाली काहीच नव्हतं, नुसता काळा रंग. मग चाक हाताने हळू फिरवत, ब्रेकच्या विरुद्ध बाजूला, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून त्यांनी कडेची धूळ फडक्याने पुसली. तिथे धातूत कोरलेलं दिसलं. ६० व्होल्ट, १००० वॅट, आणि पुढे लांबलचक नंबर. "ताई, चिकटवलेलं बघायचं नाही. खोदलेलं बघायचं."

मग सीटखालचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज जाईल ते ठरवणारा डबा. ॲल्युमिनियमचा डबा, त्यावर लेबल ६० व्होल्ट ३५ अँपिअर. गुणाकार मला येतो: एकवीसशे. अडीचशे वॅटच्या मोटरला साठ व्होल्टवर साधारण चार-पाच अँपिअर पुरतात. चढावर किंवा उठताना क्षणभर जास्त ओढेल, पण कुणी तिच्यापुढे पस्तिसाचा कंट्रोलर लावत नाही. त्यांनी झाकण काढलं. आत बारा मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे छोटे तुकडे, एका रांगेत. छोट्या मोटरला सहाचा कंट्रोलर येतो म्हणाले. मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरी, पिवळी, हिरवी, निळी, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या. "अडीचशेला एवढं तांबं कोण घालतंय? तांब्याचा भाव काय आहे?"

त्याच वायरींच्या गुंत्यात एक पांढरी वायर होती, दोन टोकं, एकमेकांना न जोडलेली. हे लॉक. जोडलं की वेग पंचवीसला अडतो, सोडलं की मोकळा. ओंकारने यावर एक प्रयोग केला तो मला फार आवडला. मागच्या टायरभोवती सुतळी गुंडाळून माप घेतलं: १ मीटर ३० सेंटिमीटर. टायरला खडूची रेघ मारली, गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पूर्ण रेस देऊन मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला आणि रेघ मोजली. वायर सुटी असताना सेकंदाला दहा फेरे. म्हणजे १३ मीटर, ताशी जवळपास ४७ किलोमीटर. वायर जोडल्यावर सव्वापाच फेरे, म्हणजे साडेचोवीस. अर्थात हे चाक हवेत असताना. रस्त्यावर माणूस बसला की थोडं कमी होतं. पण सत्तेचाळीसचे पंचवीस होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तेव्हा दुकानदार वायर जोडूनच द्यायला निघाला. "लॉक करून देतो, मॅडम, झालं की मग कायदेशीर." इथेच लोक पुन्हा फसतात, म्हणून थांबून सांगते. लॉकने वेग कमी होतो, मोटर लहान होत नाही. वेगाची अट एक, शक्तीची दुसरी. एक हजार वॅटची मोटर पंचवीसला बांधून ठेवली तरी ती सवलतीत बसत नाही. आणि ती वायर ग्राहकाने सोडली की दुकानदाराने, हे नंतर सिद्ध कोण करणार? गाडीत बदल केल्याचा ठपका मालकावर येऊ शकतो, त्याला वेगळं कलम आहे.

मग त्याने दुसरा डाव टाकला. "ती पीक पॉवर आहे हो, रेटेड अडीचशेच." ऐकायला बरं वाटतं, कारण त्यातही थोडं खरं आहे. कोणतीही मोटर थोडा वेळ तिच्या आकड्यापेक्षा जास्त जोर देते, म्हणूनच नियमात तीस मिनिटांची शक्ती म्हटलं आहे. ओंकारने तिथेच फोनवर गणित मांडलं. आम्ही दोघं एकशे वीस किलो, गाडी पंच्याऐंशी, वीस फुटांना एक फूट चढ, वेग पंचवीस: नुसतं वर चढायला सातशे वॅट लागतात. आणि आम्ही मिनिटभर नाही, सबंध चढ तसे गेलो होतो, मोटरला हात लावला तर कोमट. दुकानदार माझ्या पोराकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "तुम्हीच बाहेरून मोटर बदलून आणली असेल."

हे ऐकून मी गार पडले. कारण बिलावर वॅट लिहिलेले नव्हते, नुसतं "ई-बाईक १ नग". चेसिस नंबरची जागा कोरी. पण घरी आल्यावर वॉरंटी कार्ड सापडलं, गाडीच्या पूजेच्या नारळाच्या पिशवीत. त्याच्यावर दुकानदाराच्याच अक्षरात मोटर नंबर लिहिलेला, आणि तो आकडा न् आकडा चाकावर कोरलेल्याशी जुळला. म्हणजे ही मोटर त्याच्याच दुकानातून बाहेर पडली होती.

गाडी आता नोंदवून टाकू म्हटलं, तर तेही होत नाही. नोंदणीला विक्रीचा दाखला आणि कंपनीचा फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला) लागतो, आणि या गाडीच्या या प्रकाराला मंजुरीच मिळालेली असल्याचा कागद दुकानदाराकडे नाही. मंजुरी म्हणजे एआरएआय, म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवर आहे ती, किंवा भोसरीची सीआयआरटी, मानेसरची आयकॅट अशा गाड्या तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची. त्यामुळे गाडी धड सायकल नाही, धड मोटारसायकल नाही. अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. मागचं चाक बसलंय.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली. दुकानदाराने "ग्राहकाने छेडछाड केली" एवढं एका ओळीत कळवलं. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. वॉरंटी कार्ड, मोटरवरच्या कोरीव नंबराचे फोटो, पाच बॅटऱ्यांचा फोटो आणि ती चार बॅटऱ्यांची झेरॉक्स, सगळं क्रमाने लावून दिलं. या वेळी प्रत्येक पान वाचलं. दोन तारखा झाल्या, तिसरी दिवाळीनंतर आहे. लायसन्सचं म्हणाल तर आप्पांनी गुपचूप फॉर्म भरला. आठ काढून दाखवला, पाय न टेकता.

गेल्या रविवारी समोरचे जोशी विचारत आले, बायकोसाठी ई-बाईक बघायला चाललोय, काही सल्ला? मी सांगायला तोंड उघडलं तर आप्पा आत गेले, टॉर्च आणि एक जुनं फडकं घेऊन आले आणि म्हणाले, "चला, मीच येतो." पाऊण तासाने दोघं परत आले. जोशींच्या हातात भाजीची पिशवी होती, आणि आप्पांच्या फडक्याला काळं लागलेलं होतं.