फ्लडवॉच इंडिया ॲप: नदीची उंची ते सांगतं, उंबऱ्याची आपण मोजायची

केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' हे ॲप १७ ऑगस्ट २०२३ रोजी आलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीत पुरावर नजर ठेवणारी २०० केंद्रं होती, दुसरीत ५९२ झाली, शिवाय देशातल्या १५० मोठ्या धरणांचा साठाही दिसू लागला. कृष्णा, पंचगंगा, वारणा, भीमा यांच्या काठावर राहणाऱ्यांच्या फोनमध्ये हे ॲप असायलाच हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र फक्त त्याच्या भरवशावर झोपू नये. का, ते सविस्तर लिहितो, कारण 'ॲप चांगलं आहे, डाऊनलोड करा' एवढ्यावर नदीकाठच्या माणसाचं काम भागत नाही.

आधी जमेची बाजू. नकाशावर केंद्र निवडायचं किंवा नावाने शोधायचं, की ताजी पातळी, इशारा पातळी, धोका पातळी आणि आजवरची सर्वोच्च पातळी एकाच जागी मिळते. हिरवा ठिपका म्हणजे पाणी इशारा पातळीच्या खाली. पिवळा म्हणजे इशारा आणि धोका यांच्या मध्ये. नारिंगी म्हणजे धोका पातळी ओलांडली. लाल म्हणजे आजवरची सर्वोच्च पातळी गाठली किंवा मोडली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'पाणी पुलाला लागलं' छापाच्या निरोपांपेक्षा हे शंभर पटीने विश्वासार्ह आहे, कारण आकडा मापकावरून येतो आणि कधीचा आहे ती वेळ सोबत असते. ती वेळ वाचायची सवय लावून घ्या. चढत्या पुरात सहा तासांपूर्वीचा आकडा जुनाच समजायचा.

अंदाज दोन प्रकारचे असतात आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. चोवीस तासांपर्यंतचा अंदाज मुख्यतः वरच्या मापकावर आत्ता दिसणाऱ्या पाण्यावर आधारलेला असतो: वर इतकं आहे, म्हणजे खाली इतक्या तासांनी इतकं होईल. सात दिवसांपर्यंतची सूचना पावसाच्या अंदाजावरून काढतात. म्हणजे आधी पावसाचा अंदाज बरोबर यायला हवा, मग त्यावरून काढलेल्या पाण्याचा. म्हणून सात दिवसांची सूचना बघून जनावरांचा चारा, औषधं, कागदपत्रं, गाडीची सोय यांची तयारी करावी, आणि घर सोडायचा निर्णय चोवीस तासांच्या अंदाजावर आणि स्थानिक प्रशासनाच्या सूचनेवर घ्यावा. मधल्या धरणाचा दरवाजा अचानक उघडला तर सात दिवसांपूर्वीच्या सूचनेला त्याचा पत्ता नसतो.

आता उणिवा. पहिली आणि सगळ्यांत त्रासाची म्हणजे नारिंगी रंग. कोल्हापूरच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे या रंगपद्धतीला लावून पाहा. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर, आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. म्हणजे पिवळा रंग चार फुटांचा आणि नारिंगी बारा फुटांहून मोठा. ४४ फुटांनाही नारिंगी, ५४ फुटांनाही नारिंगी. ४४ फुटांना सखल भागातल्या गल्ल्यांत पाणी असतं, ५४ फुटांना माणसं पहिल्या मजल्यावर अडकलेली असतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा ४० आणि धोका ४५ फुटांवर आहे, आणि २०१९ चा पूर ५७ फुटांच्या वर. तिथेही तोच प्रकार. तेव्हा रंगाकडे पाहून निर्णय घेऊ नका, आकडा पाहा आणि दर तासाला तो किती चढतोय ते पाहा.

दुसरी उणीव मापाची. ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये सांगतं, आणि आपल्याकडे पूर फुटांत बोलला जातो. 'आज बेचाळीसवर आहे' म्हटलं की कोल्हापुरात शाळकरी पोरालाही कळतं, ५४२.९८ मीटर म्हटलं तर कोणालाच नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे ५४२.०७ मीटर आणि ४३ फूट म्हणजे ५४३.२९ मीटर. यावरून शून्य फुटाची खूण ५३०.१८ मीटरवर येते. म्हणून मीटरच्या आकड्यातून ५३०.१८ वजा करायचे आणि उरलेल्याला ०.३०४८ ने भागायचं, की फूट मिळाले. हे सूत्र फक्त या एकाच बंधाऱ्याचं आहे. प्रत्येक मापकाचा शून्य वेगळा असतो. तुमच्या जवळच्या केंद्राची इशारा पातळी फूट आणि मीटर दोन्हींत मिळवली की शून्य याच रीतीने काढता येतो. एका ठिकाणचं सूत्र दुसरीकडे लावलं तर चूक काही फुटांची होते.

तिसरी, भाषा. ॲप इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. माहिती वाचून दाखवण्याची सोय आहे, तीही याच दोन भाषांत. पुराच्या रात्री फोन हातात धरलेली आजी हिंदीतली सूचना समजून घेईलही, पण तिला तशी वेळ का यावी? तोवर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप जोडीला ठेवा. त्यात प्रादेशिक भाषांची सोय आहे आणि तुमच्या ठिकाणापुरते इशारे येतात.

चौथी उणीव म्हणजे ओढे-नाले. ही सारी केंद्रं मोठ्या नद्यांवर आहेत. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने जो कहर केला, तसल्या पुराबद्दल हे ॲप काहीच सांगू शकत नाही. लहान ओढा ढगफुटीसारख्या पावसात तास-दोन तासांत भरतो. तिथे ॲपवरचा हिरवा ठिपका पाहून निर्धास्त राहणं जिवावर बेतू शकतं.

धरणातून किती पाणी सोडलंय, यासाठी जिल्हा प्रशासनाचा रोजचा पूर अहवाल आणि जलसंपदा विभागाच्या सूचना पाहाव्या लागतात. तिथे एकक क्युसेक असतं, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक उघडला की १४२८ क्युसेक सुटतात, सातही उघडले तर जवळजवळ दहा हजार. क्युसेक आणि टीएमसी (शंभर कोटी घनफूट) यांचा मेळ घालायला एकच आकडा पाठ करा: ११,५७४ क्युसेक चोवीस तास सोडलं की एक टीएमसी होतं. 'धरण दोन टीएमसी रिकामं करायचंय' असं ऐकलं की ते किती दिवसांचं काम आहे, याचा हिशेब मग स्वतःला करता येतो.

मोजमापाच्या कामाला या ॲपला आम्ही पाचपैकी चार देऊ, सामान्य माणसाला समजण्याच्या बाबतीत दोन. पण त्याचा खरा उपयोग सुरू होतो तो मापकावरचा आकडा तुमच्या उंबऱ्याला जोडल्यावर. हे काम कोणतंच ॲप करून देणार नाही आणि ते अवघडही नाही.

घराच्या किंवा शेजारच्या भिंतीवर २०१९ किंवा २०२१ च्या पुराचा डाग अजून असेल. तिथून उंबऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. समजा डाग उंबऱ्याच्या चार फूट वर आहे आणि त्या पुरात मापकाची कमाल पातळी ५५ फूट होती, तर मापकावर ५१ झाले की पाणी तुमच्या उंबऱ्याला लागतं. त्यातून एक फूट सुरक्षिततेसाठी वजा करा: ५० ला घर रिकामं असायला हवं. आणि रस्ता घराच्या आधी बुडतो. म्हणून गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांत खोल जागा कोणती, ती मापकावरच्या किती फुटांना पाण्याखाली जाते, हा आकडा उंबऱ्याच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा. घर सोडायचं ते त्या आकड्याच्या आधी.

डाग शेजारच्या घरावर असेल तर गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी वापरा. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही टोकं उघडी. एक टोक डागाला धरलं की दुसऱ्या टोकातलं पाणी तीच उंची तुमच्या भिंतीवर दाखवतं. इथे चूक बहुतेक वेळा दोन कारणांनी होते: नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, किंवा एका टोकावर अंगठा दाबलेला राहतो. पाण्यात चिमूटभर रंग टाकला तर बुडबुडा लगेच दिसतो. शे-दीडशे मीटरच्या पुढे नळीचा नाद सोडा. टप्प्याटप्प्याने चूक वाढत जाते. तिथे सर्वेक्षणाचं लेव्हल यंत्र असलेला माणूस बोलवावा.

एक खाच लक्षात ठेवा. मापक आणि तुमचं घर यांतला फरक दर पुरात सारखा राहत नाही. चढत्या पाण्यात एक असतो, उतरत्यात दुसरा. शिरोळ तालुक्यात तर दोन नद्यांचा हिशेब लागतो: नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही, तिचं पाणी मागे फुगतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी उतरतंय म्हणून संगमाकडच्या गावांनी हुश्श करू नये. त्यांनी कृष्णेवरचं अर्जुनवाड, पंचगंगेवरचं तेरवाड आणि संगमाखालचं कुरुंदवाड, तिन्हींचे आकडे एकत्र पाहायचे. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पुराचं पाणी शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या वेळी पाणी कुठे असतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या वेळचे मापकांचे आकडे वहीत लिहून ठेवले की गावाचं स्वतःचं कोष्टक तयार होतं.

भिंतीवरच्या या खुणेचा दुसरा उपयोग पुराइतकाच मोठा आहे. पूररेषा. महाराष्ट्रात निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधलं नियंत्रित; तिथे परवानगी मिळते ती लाल रेषेच्या पातळीपेक्षा जोतं ०.४५ मीटर उंच ठेवून. रेषा जलसंपदा विभाग आखतो, नियोजन प्राधिकरण ती आराखड्यावर उतरवतं. फ्लडवॉचवर ही रेषा दिसत नाही. नागरिकाला ती शोधावी लागते विकास आराखड्याच्या पत्रकात, आणि सेवा म्हणून तिची अवस्था ॲपपेक्षा कितीतरी मागे आहे.

रेषा कागदावर आणि पाणी जमिनीवर, यांत अंतर पडू शकतं. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकसाठी धरलेली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. धरणाखालच्या पाणलोटातलं पाणी त्यात मिळालं हे खरं, पण पात्रात पडलेला राडारोडा आणि भराव यांनी नदीची वाट अरुंद झाली की कमी विसर्गातही पाणी जास्त चढतं, हेही तितकंच खरं. नदी पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही आराखड्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: काम झाल्यावर त्याच विसर्गाला पाण्याची पातळी किती सेंटिमीटर चढेल किंवा उतरेल? हिरवळ, पायवाट, दिवे यांची चर्चा त्यानंतर.

हरकत घ्यायची तर क्रम महत्त्वाचा. प्रारूप विकास आराखड्यावर हरकती-सूचनांसाठी कायद्याने बहुतेक ठिकाणी ३० दिवस मिळतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायलाही ३० दिवस असतात. म्हणजे आराखडा जाहीर झाल्यावर अर्ज टाकला तर कागद हाती येईपर्यंत मुदत संपलेली असते. अर्ज आधीच टाका. १० रुपये शुल्क, अर्ज जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातल्या माहिती अधिकाऱ्याला. मागायच्या गोष्टी: पूररेषा नकाशाची प्रमाणित प्रत, रेषेसाठी धरलेला विसर्ग, नदीचे आडवे छेद, आणि सर्वेक्षणाची तारीख. 'रेषा अशी का आखली' असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, कारणमीमांसा मिळत नाही, आणि अर्ज त्या एका वाक्यावर अडकतो.

हरकतीत गट किंवा सर्व्हे क्रमांक, भिंतीवरच्या खुणेची जमिनीपासूनची उंची, पुराची तारीख, त्या दिवसाचा मापकाचा आकडा आणि टेप लावलेल्या खुणेचा फोटो द्या. एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रती देण्यापेक्षा वीस घरांच्या वीस वेगळ्या खुणा जास्त काम करतात: पाचशे प्रती एक मुद्दा म्हणून गणल्या जाऊ शकतात, वीस खुणांना वीस उत्तरं द्यावी लागतात. हरकत दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायचीच.

खूण करताना चुना किंवा खडू नको, पहिल्याच पावसाळ्यात जाते. ऑइल पेंटने आडवी रेघ मारा, बाजूला वर्ष आणि मापकाचा आकडा लिहा. भिंतीला पुन्हा रंग द्यायची वेळ आली की रंगाऱ्याला आधी सांगून तेवढी पट्टी मोकळी सोडायला लावा.