जुनी गाडी घेताना टपावर पाणी ओतून बघा

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यांतून टॉवेल-चादरी उचलायच्या आणि मोहोळ, बार्शी, पंढरपूरकडच्या दुकानदारांना पोचवायच्या, हा माझा धंदा. आधी भाड्याच्या टेम्पोवर भागवत होतो. मागच्या एप्रिलमध्ये हिंमत केली आणि एका एजंटकडून जुनी व्हॅन घेतली, 1 लाख 85 हजारांना. त्यातले एक लाख पतसंस्थेचं कर्ज आहे, ते अजून फिटायचंय.

गाडी घेताना मी आंधळेपणाने घेतली नाही. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला होता. इंजिन ऐकलं, टायर पाहिले, खाली वाकून चासी पाहिली, विजापूर रोडला चक्कर मारली. एकच गोष्ट कुणी पाहिली नाही, ती म्हणजे टप. व्हॅन उंच असते, उभं राहून टप दिसतच नाही. त्यावर चकचकीत काळा रॅप, म्हणजे चिकटवायची प्लॅस्टिकची फिल्म, मारलेला होता. एजंट म्हणाला, "स्टाइल हाय मालक, आजकाल पोरं पैसे देऊन मारून घ्यायलीत." एजंटच्या आवारात गाडी चढावर, तोंड वर करून उभी होती, म्हणजे टपावर पाणी थांबणारच नाही. त्यात काही हेतू असेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

मी विचारलं होतं, एकदा पाणी मारून दाखवता का, माल कपड्याचा आहे, आत थेंब आलेला चालणार नाही. त्यावर तो म्हणाला, "मालक, नळाला पाणी पाचव्या दिवशी यायलंय, प्यायला पुरंना, गाडीवर कुठं वतताव? थेंब येत नाही, माझी जबान हाय." उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसतात. त्या परिस्थितीत गाडीवर ओतायला पाणी मागणं मलाच बरं वाटेना. मी गप्प बसलो. आपल्या गावाच्या अडचणीचा आडोसा करून त्याने मला फसवलं, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त येतो.

जूनमध्ये एका रात्री सर पडली. सकाळी शेजारचा मुलगा गच्चीवरून ओरडला, "काका, तुमच्या गाडीवर पाणी साठलंय, चिमण्या प्यायलीत." आजूबाजूच्या गाड्यांचे टप तासाभरात वाळले, माझ्या गाडीवर दुपारपर्यंत पाणी तसंच. आत मात्र कोरडं होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तेव्हाच शिडी लावायला हवी होती.

सोलापूरला पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो. एजंटने तोंडी दिलेली तीन महिन्यांची गॅरंटी जुलैतच संपली होती. सप्टेंबरात एका संध्याकाळी माल भरून गाडी दारात लावली, कारण पहाटे पाचला बार्शीला निघायचं होतं. रात्रभर पाऊस लागला. पहाटे मागचं दार उघडलं तर ओल्या गोणपाटासारखा वास. छताचं अस्तर मध्यभागी पोटासारखं फुगून खाली आलं होतं आणि त्याच्या टोकाशी तपकिरी थेंब जमत होता. तो जमायचा, लांबायचा आणि खालच्या गठ्ठ्यावर पडायचा. मी हात धरला तर तळव्यावर गंजाचा डाग. सहा डझन टॉवेल आणि 14 चादरी गेल्या. बायकोने दोन दिवस धुऊन पाहिल्या. गंजाचा डाग साबणाने सुटत नाही आणि ब्लीच टाकलं की तो आणखी पक्का बसतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

उजाडल्यावर शिडी लावली. टपाच्या मध्यात परातीसारखा खोलगट भाग, त्यात पाणी आणि कडुनिंबाची पानं. मगाने उपसून बादलीत मोजलं, साडेसात लिटर भरलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. व्हॅनचा टप चार चौरस मीटर धरला तर 25 मिलिमीटरच्या पावसात शंभर लिटर पाणी त्यावर पडतं. टप धड असला तर ते कडेच्या पन्हळीतून निघून जातं. टप बसलेला असला तर थोडं मागे राहतं, आणि थांबलेलं पाणी बारीकशी फटसुद्धा शोधून काढतं.

पत्रेकाम करणाऱ्या मिस्त्रीने रॅपची कड नखाने उचलून ओढली, तशी रॅपसोबत पुट्टीची खपलीच निघून आली. त्याखाली चार भोकं. आधीच्या मालकाने किंवा आणखी कुणी वर कॅरियर बसवलेला, त्यावर बेसुमार ओझं लादलेलं, त्याने पत्रा दबलेला. कॅरियर काढून भोकांत एम-सील कोंबलं, वर पुट्टी फिरवली आणि सगळ्यावर काळा रॅप. मिस्त्रीने एका भोकाशेजारी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो जोर न लावता आत गेला. तो म्हणाला, "हे गंजणं पाच महिन्यांचं नाही मालक, तीन-चार वर्षांचं हाय." पत्रा कापून नवा तुकडा जोडणं, रंग आणि अस्तर मिळून 21 हजार गेले.

एजंटकडे गेलो तर त्याने विक्रीचा कागद काढला. त्यावर "गाडी पाहून, तपासून, जशी आहे तशी घेतली" असं लिहिलं होतं आणि खाली माझी सही. शिवाय म्हणाला, मी फक्त मध्यस्थ, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही मूळ मालकाची आहे, त्याला विचारा. मूळ मालकाचा फोन बंद. पण 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म 29सी भरून कळवावं लागतं. ते अधिकारपत्र दाखवा म्हटल्यावर त्याचा आवाज खाली आला. दीड लाख मी त्याच्याच खात्यात ऑनलाइन भरले होते, म्हणून माझ्या हातात काहीतरी राहिलं. 35 हजार रोख दिले, त्यांची पावती नाही. रोख देऊ नका, कितीही घाई केली तरी.

गाडी बघायला जाताना स्टूल मागा आणि वर चढून बघा. रॅप असला तर बोटाने टकटक करत सगळा टप फिरा. नुसत्या पत्र्याचा आवाज टणक येतो, पुट्टीचा भरीव आणि मेलेला. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं तर पुट्टीवर त्याची पकड सुटते. अस्तर नवं कोरं असेल तर ते का बदललं हे विचारा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला ओलीचा डाग राहतो. आणि गाडी सपाट जागेवर आणायला लावून दोन बादल्या पाणी टपाच्या मध्यावर ओता, अर्धा तास थांबा. पाणी नाही म्हणाला तर घरून कॅन न्या. मी 20 लिटरचा एक कॅन नेला असता तर हे सगळं तिथेच उघडं पडलं असतं.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. गाडी धंद्याची असली तरी स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली असेल तर ग्राहक म्हणून दाद मागता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. साठलेल्या पाण्याचे, फुगलेल्या अस्तराचे आणि डागाळलेल्या चादरींचे फोटो मी काढून ठेवले आहेत. रॅपचा तो तुकडा, मागे पुट्टी चिकटलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात आहे. पुढच्या तारखेला तो सोबत नेणार आहे.