भेगेतला गंज

बुकिंग करताना आम्हाला जे फोटो दाखवले होते, त्यांत सूचिपर्णी झाडांमधून वर चढत जाणारी, कंगव्याने विंचरल्यासारखी स्नोमोबाइलची (पुढे घसरणाऱ्या दोन स्की, मागे फिरणारा पट्टा अशा बर्फावरच्या इंजिनगाडीची) वाट होती आणि शेवटी कड्यावरून दिसणारी अख्खी दरी. ती वाट खरीच आहे. फक्त आम्हाला तिथे न्यायचा परवाना सफर चालवणाऱ्या मालकाकडे नव्हता, हे चार दिवसांनी कळलं. तोवर त्याने आमचं डिपॉझिटही गिळलं होतं. लिहायला बसलोय ते मुख्यतः या डिपॉझिटपायी, कारण तिथे थोडा मूर्खपणा माझाही आहे.

पोचल्यापासून नुसती घाई. बाकीचे तयार आहेत, तुमच्यासाठीच थांबलोय, हे हेल्मेट घ्या, हे बूट, इथे सही करा. करारनामा चार पानांचा. डिपॉझिटची रक्कम कार्डावर अडकवून ठेवली. शिवाय ‘डॅमेज वेव्हर’ म्हणून वेगळे पैसे घेतले आणि आता काही तुटलं-फुटलं तरी चिंता नको, असं तोंडी सांगितलं. बहिणीने फोन बाहेर काढला. “दादा, थांब ना जरा, चारी बाजूंनी फोटो काढून ठेवते.” मी म्हटलं, “अगं चल, लोक खोळंबलेत.” करारनाम्यात आधीच्या नुकसानीच्या नोंदीसाठी एक रकाना होता. तो कोरा होता आणि त्याच्याखाली माझी सही. किल स्विचची दोरी जॅकेटला अडकवा, म्हणजे पडलात तर इंजिन बंद होईल, एवढीच काय ती शिकवणी.

निघालो ते लाकूड वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या रुंद रस्त्यावरून. जाहिरातीत ‘रोज रात्री ग्रूम केलेला ट्रेल’ होता. ग्रूमिंग म्हणजे यंत्रामागे मोठा सांगाडा ओढत नेऊन दिवसभरात पडलेले उंचवटे कापायचे आणि बर्फ दाबून सारखा करायचा. हे रात्री करतात, कारण दाबलेला बर्फ थंडीत काही तास पडून राहिला की मगच घट्ट बसतो. आमच्या रस्त्यावर यातलं काहीच नव्हतं. वर काचेसारखा कडक थर, अधूनमधून उघडी माती.

अर्ध्या तासात माझ्या गाडीचा लाल दिवा लागला. द्रवाने थंड होणाऱ्या बऱ्याच स्नोमोबाइलना मोटारीसारखा पुढे मोठा रेडिएटर नसतो. फिरणारा पट्टा जो बर्फ उडवतो, तो सीटखालच्या बोगद्यातल्या शीतकांवर आदळतो आणि इंजिन थंड राहतं. भुसभुशीत बर्फच नसेल तर उडणार काय? गाइडने गाडी कडेच्या मऊ बर्फात घालायला लावली, थांबलो, दिवा गेला. असं होतं कधीकधी, म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

वरच्या फाट्यावर त्याने हात वर केला. हिमस्खलनाचा धोका आहे, पुढची वाट बंद. यावर कोण काय बोलणार? हिमस्खलनाशी हुज्जत घालू नये हे मला कळतं, आणि मला ते कळतं हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. आम्ही गाड्या वळवत असतानाच वरून चौघं जण आपापल्या स्नोमोबाइलवर आरामात खाली आले. गाइडने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतल्यावर मालक टॉर्च घेऊन आला आणि थेट डाव्या स्कीपाशी वाकला. उजवीकडे नाही, मागे नाही, पट्ट्याकडे नाही. स्कीला गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी आर्मला जोडापाशी भेग होती. तुम्ही झाडाच्या बुंध्याला धडकला असणार, म्हणाला. आम्ही कशालाही धडकलो नव्हतो. वेव्हर? त्यात स्की, सस्पेन्शन आणि पट्टा येत नाही, पान तीन. वर इंजिन तापवल्याचा आकार वेगळा. डिपॉझिट संपलं.

त्या रात्री पुरावा म्हणून त्यानेच फोटो पाठवले. मी चिडून ते मोठे करून पाहत बसलो, आणि दिसलं की भेग आतून तपकिरी आहे. नुकतंच तुटलेलं पोलाद करडं, चमकतं असतं. इथे भेगेलगतच्या रंगाच्या कडा उचलल्या होत्या आणि गंज त्यांच्याखाली शिरून पापुद्रे धरले होते. हे एका दुपारचं काम नव्हे. माझ्या आधी किती जणांनी या भेगेचे पैसे भरले असतील कोण जाणे.

मग वनविभागाच्या कार्यालयात फोन केला. सार्वजनिक जंगलात पैसे घेऊन सफरी चालवायला बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो आणि कोणत्या वाटांसाठी तो आहे, हेही त्यात लिहिलेलं असतं. या माणसाला फक्त खालच्या रस्त्याची परवानगी होती. हाच फोन बुकिंगच्या आधी केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. हिमस्खलनाचा अधिकृत अंदाजही आपण स्वतः सकाळी वाचावा. धोक्याची पातळी 1 ते 5 अशा आकड्यात दिलेली असते. आकडा कमी असला म्हणून एखादा उतार सुरक्षित ठरत नाही, पण निदान मालकाला प्रश्न विचारता येतो. आणि निघण्यापूर्वी गुडघ्यावर बसून स्कीच्या मागे, खालून बघा. व्हिडिओ काढा, त्यात त्यांचा माणूस दिसू द्या, मागे कितीही लोक खोळंबू देत.

बँकेकडे तक्रार केली. इंजिन तापवल्याचे पैसे परत मिळाले. आर्मचे पैसे अजून अडकलेत, कारण त्यांचा पहिलाच प्रश्न होता, निघण्यापूर्वीचा फोटो आहे का? बहिणीच्या फोनमध्ये त्या सकाळचा एकच सापडला. हेल्मेट घालून मी हसतोय, आणि डावी स्की बरोब्बर माझ्या पायांमागे झाकली गेली आहे.