कापलेल्या कडेवरचा रंग
ओझरच्या विमान कारखान्यातील पेंट शॉपमधून निवृत्त झाल्यापासून मी नाशिकच्या घरी दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या १:४८ प्रमाणातील प्रतिकृती करतो. यंदा भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवलेले स्पिटफायर मार्क ८ हाती घेतले होते. त्याच्या राउंडेलची, म्हणजे विमानावर रंगवलेल्या गोल ओळखचिन्हाची, निळी छटा कृष्णधवल छायाचित्रांवरून ठरत नव्हती आणि माझी नेमकी हीच अडचण एका विक्रेत्याने हेरली.

मेळा बसस्थानकाजवळ भेटून त्याने तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा आणि एक अल्टिमीटर (विमानाची उंची दाखवणारे उपकरण) दाखवला. दोन्ही वस्तू १९४४ साली कोसळलेल्या स्पिटफायरच्या असल्याचे त्याने सांगितले. जपानी विमानांवरील लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच विमानावर गोळीबार होऊ नये, म्हणून त्या आघाडीवरील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या राउंडेलमधला लाल रंग काढून टाकला होता आणि गडद निळ्या कड्यात फिकट निळा गोल उरला होता. तुकड्यावर नेमके हेच दोन निळे होते. इतकी बारीक गोष्ट बरोबर असल्याचे पाहून माझा विश्वास बसला, आणि संध्याकाळी पुण्याचे गिऱ्हाईक येणार असल्याचे ऐकताच मी जागच्या जागी २२,५०० रुपये यूपीआयने पाठवले.

आठ दिवसांनी भिंगाखाली तुकडा आडवा धरला तेव्हा कापलेल्या कडेवर निळा रंग ओघळून सुकलेला दिसला. भंगारातील विमानाचा पत्रा कापला तर कडेला उघडा धातूच दिसायला हवा; येथे तुकडा आधी कापून मग रंगवला होता. एक कोपरा खरवडला तर खाली प्रायमर नव्हता आणि झाकलेल्या जुन्या राउंडेलचा थरही नव्हता, फक्त पॉलिश पेपरचे सरळ, समांतर ओरखडे होते. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षे रंगाचे थर तपासण्यात घालवली, त्याने ही कड पैसे देण्यापूर्वी पाहिली नाही, याचे दुःख पैशांपेक्षा मोठे आहे.

अल्टिमीटर बनावट नव्हता, पण युद्धकाळातलाही नव्हता. ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या ‘ए. एम.’ या अक्षरांवर मुकुट कोरलेला असतो. सहाव्या जॉर्जच्या काळातील त्या मुकुटाच्या कमानी वरच्या बाजूला गोलाकार असतात, तर १९५२ साली एलिझाबेथ राणी झाल्यानंतर आलेल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या दिसतात. माझ्या अल्टिमीटरवर राणीचा मुकुट होता. जाता जाता एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, की अशा जुन्या उपकरणांच्या अंधारात चमकणाऱ्या अंकांत रेडियम असू शकते, त्यामुळे काच उघडून ते खरवडू नये.

विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण व्यवहार होऊन आठ दिवस उलटले होते आणि रक्कम त्या खात्यातून केव्हाच निघून गेली होती. आता कोणी असा तुकडा देऊ केला, तर किमतीची बोलणी करण्याआधी मी चारही कडांची आणि मागच्या बाजूची छायाचित्रे उन्हात काढून मागतो. आतापर्यंत दोघांना मागितली. दोघांनीही पाठवली नाहीत.

त्या तुकड्यावरून जुळवलेला निळा रंग प्रतिकृतीच्या पंखांवर चढला होता. तो दोन दिवस बसून उतरवला आहे, आणि राउंडेलची जागा सध्या कोरी ठेवली आहे.