घरचं बीपी मशीन आणि सासूबाईंची किडनी: सहा-आठ महिन्यांच्या वापरानंतर

दंडाला बांधायचं साधं डिजिटल बीपी मशीन घेतलं ते सासूबाईंसाठी. वय ६२, बीपी जुनं, शुगर नाही. गेल्या पावसाळ्यात क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) १.२, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ५१ आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून प्रोटीन किती जातं त्याचा आकडा, १८० आला. रेशो ३० च्या आत हवा. तीन महिन्यांनीही ईजीएफआर ६० च्या खालीच, तेव्हा डॉक्टरांनी किडनीवर परिणाम झाल्याचं स्पष्ट सांगितलं. सासूबाईंचं एकच पालुपद, "मला काही होत नाहीये गं, कशाला रोज तो पट्टा?" किडनीचं हेच वाईट आहे. वाढलेल्या दाबानं तिच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, गाळणीतून प्रोटीन झिरपू लागतं आणि माणसाला काही म्हणजे काही जाणवत नाही. वर दुखावलेली किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी आणखी चढवते.

मशीनचा खरा उपयोग पहिल्याच आठवड्यात झाला. तोवर बीपी बघितलं जायचं ते दवाखान्यात, सकाळी अकराला, गोळी पोटात गेल्यावर. बहुतेक वेळा ठीकच यायचं. घरी मात्र सकाळी गोळीआधी १५६/९२ आणि संध्याकाळी १३०/८०, रोज साधारण असंच. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ च्या वर गेली की बीपी जास्त धरतात. वही बघून डॉक्टरांनी गोळी बदलली, चोवीस तास पुरणारी टेल्मिसार्टन दिली. या गटातल्या गोळ्या किडनीच्या गाळणीवरचा दाबही उतरवतात. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून दोन आठवड्यांनी पोटॅशियमसह तपासलं. १.३ झालं आणि तिथंच थांबलं. परवाच्या रिपोर्टमध्ये रेशो ७० आहे. फार बरं वाटलं.

आता मशीनबद्दल. सोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. सासूबाईंचा दंड ३४ सेंमी. पट्टा लहान पडला की आकडा उगाच जास्त येतो, त्यामुळे मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. खोक्यावर हे अगदी बारीक अक्षरात होतं, दुकानदारानं तर विचारलंही नाही. घेण्याआधी टेपनं दंड मोजाच. मनगटावरची मशीन स्वस्त आणि सुटसुटीत दिसतात, पण हात हृदयाच्या पातळीला नसला की आकडे हलतात. मी घेणार नाही.

मोजायची पद्धत आता अंगवळणी पडली आहे. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, चहा त्यानंतर. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत. सुरुवातीला सासूबाई मशीन चालू असतानाच भाजीवाल्याशी बोलायच्या आणि वरचा आकडा लगेच चढायचा.

खटकलेलं म्हणजे मेमरी. सासऱ्यांनी मध्येच बीपी बघितलं की आकडे सासूबाईंच्या नावावर जातात, म्हणून वहीच बरी. ठोके अनियमित असतील तर आकड्यावर विसंबता येत नाही, तशी खूण स्क्रीनवर दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

मशीन बीपी उतरवत नाही, हेही तितकंच खरं. पापड-लोणचं कमी केलं. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, त्या बीपीही वाढवतात आणि किडनीलाही त्रास देतात. 'बीपीसाठी चांगलं' म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ किडनीच्या पेशंटला विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम असतं आणि कमजोर किडनीला ते बाहेर टाकणं जड जातं.

किंमत मोठ्या पट्ट्यासकटही डॉक्टरांच्या काही फेऱ्यांइतकीच पडली. घरात बीपीचं माणूस असेल तर घ्याच, आणि पहिल्या भेटीत मशीन सोबत नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा. आमच्याकडे चार-पाच अंकांचा फरक निघाला, तो चालतो म्हणाले.