गावची जिल्हा परिषद शाळा की तालुक्याची इंग्रजी शाळा: आम्ही दोन्ही करून पाहिल्या

मे महिना लागला की पतसंस्थेच्या काउंटरवर हाच विषय निघतो. पासबुक भरायला आलेला एखादा बाप मागे कोणी उभं नाही ना बघून हळूच विचारतो, "तुम्ही पोराला तिथून काढलंत म्हणे. का काढलंत?" काउंटरवर उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, तालुक्यापासून १२ किलोमीटरवर. थोरल्याला जून २०२३ मध्ये तालुक्याच्या एका खासगी इंग्रजी शाळेत पहिलीला घातलं. दोन वर्षं काढली आणि जून २०२५ ला त्याला तिसरीत गावच्या जिल्हा परिषद शाळेत आणलं. त्याच जूनला धाकटी तिथेच पहिलीला बसली. म्हणजे एकाच घरात दोन्ही वाटा चालून झाल्या. दोन पोरांवरून अख्ख्या जिल्ह्याचा निकाल लावता येत नाही हे मलाही कळतं. तुमच्या गावची शाळा वेगळी असेल, तुमच्या तालुक्याची इंग्रजी शाळाही वेगळी असेल. तेवढं धरून वाचा.

इंग्रजी शाळेने काय दिलं ते आधी सांगतो, कारण त्यांनी दिलं ते खरंच दिलं. दुसरी संपेपर्यंत पोरगा इंग्रजी बोलायला बिचकत नव्हता. पुण्याहून माझे मेहुणे आले तर त्यांच्या मुलांबरोबर तो सरळ इंग्रजीत खेळायचा. अक्षर सुंदर झालं. मंचावर उभं राहून बोलायची सवय लागली. गेल्या वर्षभरात त्यातलं बोलणं थोडं मागे पडलंय, हे मी लपवत नाही. आमच्या शाळेत सेमी इंग्रजी आहे, गणित इंग्रजीतून होतं, इंग्रजी विषय तर राज्यात २००० पासून पहिलीपासूनच आहे. पण दिवसभर कानावर इंग्रजी पडणं वेगळं आणि तासापुरतं इंग्रजी वेगळं. ज्यांच्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे, त्यांनी माझ्या बाकीच्या बोलण्याला फार किंमत देऊ नये.

वाचनाचं मात्र उलट दिसलं. आबांची डेअरीची पावती रोज संध्याकाळी घरात येते. थोरला दुसरीत असताना आबांनी त्याच्यापुढे पावती धरली, तर त्याने आकडे वाचले आणि बाकीच्यावर अडला. फॅट, दर, एकूण रक्कम, सगळं मराठीत छापलेलं. धाकटी पहिलीच्या दिवाळीनंतर तीच पावती बोट ठेवून वाचायला लागली. "आबा, आज फॅट कमी लागली." आबांनी पावती परत घेतली, चष्मा लावून बघितली आणि मान हलवली. त्या दिवसापासून पावती तिच्याच हातात जाते. पोरीचा वकूब वेगळा असेल, शिक्षक वेगळे, मान्य आहे. पण घरातल्या भाषेत वाचायला शिकलेलं पोर घराच्या कामाला लगेच लागतं, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

तरीही पोराला काढलं ते यातल्या कशामुळेच नाही. काढलं ते व्हॅनमुळे.

शाळा बघायला गेलो तेव्हा वर्ग बघितले, मैदान बघितलं, फीचा कागद घेतला. व्हॅन किती वाजता येते तेवढं विचारलं. ती कुठून कुठून फिरून जाते, हे विचारायचं सुचलंच नाही. व्हॅन सहा पन्नासला आमच्या फाट्यावर यायची. शाळा १२ किलोमीटरवर, पण गाडी चार वाड्या आणि दोन मळे घेऊन जायची. एकदा मोटरसायकलने तिच्या मागे गेलो तेव्हा काटा २९ किलोमीटर फिरला. सहा वर्षांचं पोर साडेपाचला उठवायचं, अर्धवट झोपेत तोंड धुवायचं, चहाबरोबर दोन बिस्किटं कशीबशी पोटात ढकलायची आणि फाट्यावर उभं करायचं. थंडीत तर अंधारच असायचा. डबा उघडायची वेळ येईपर्यंत भूक मरून जायची. संध्याकाळी डबा उघडला की चपातीच्या कडा वाळून वर आलेल्या असायच्या. त्याची आई ते बघून काही बोलायची नाही, चपाती काढून गाईच्या पाटीत टाकायची.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा निर्णय आला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, सगळ्या माध्यमांना, सगळ्या व्यवस्थापनांना. लहान मुलांची झोप होत नाही हाच त्यामागचा विचार होता. आम्हाला बरं वाटलं. जूनपासून शाळेच्या पत्रकातही नऊची वेळ आली.

व्हॅन मात्र सहा पन्नासलाच आली. कारण गाडी एकच, फेरी एकच. पाचवीपासून पुढच्या मुलांची शाळा पावणेआठला भरायची, त्यांच्याबरोबर धाकट्यांनाही न्यायचं. दोन फेऱ्या मारायच्या तर डिझेल दुप्पट, चालकाचंही खोटं नाही. मग पहिली-दुसरीची मुलं पावणेआठपासून नऊपर्यंत काय करायची? हॉलमध्ये सतरंजीवर बसायची. एक मावशी असायच्या लक्ष ठेवायला. बोलायचं नाही, कारण शेजारी मोठ्यांचे तास चालू.

एकदा कामासाठी मी सकाळीच तालुक्याला गेलो होतो. वाटेत शाळेत डोकावलो. सतरंजीवर पंधरावीस पोरं होती. काही भिंतीला टेकून झोपलेली. माझा पोरगा दप्तर उशाला घेऊन आडवा पडला होता, बूट तसेच पायात, टाय गळ्यात. मी आत गेलो नाही. दारातून बघितलं आणि मागे फिरलो.

शाळेशी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, नीट बोलले, पण गाडीचं गणित जमत नव्हतं. मी स्वतः सोडायचं म्हटलं तर सकाळी धारा, डेअरी आणि मग पतसंस्था, आठवड्यातून दोनदाच जमायचं. ते वर्ष तसंच काढलं. शासनाने दिलेला सव्वा तास माझ्या पोराच्या झोपेत कधी पोचलाच नाही, ही गोष्ट मला आजही खुपते.

गावची शाळा घरापासून नऊ मिनिटांवर, ओढ्याच्या पलीकडे. साडेदहाला भरते. पोरं सातला उठतात, जेवून जातात, दुपारी शाळेत गरम भात मिळतो. संध्याकाळी पाच-सव्वापाचला घरी, आणि अंधार पडेपर्यंत मैदानात. थोरला पहिल्या पंधरवड्यातच अंगाने भरल्यासारखा वाटायला लागला. वजनकाट्यावर घातलं नाही, पण त्याची आई म्हणाली आणि मलाही पटलं.

जवळ असण्याचा आणखी एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. भागाकारावर थोरला अडला तेव्हा बाई संध्याकाळी जाता जाता आमच्या ओट्यावर पाच मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "त्याचे पाढे कच्चे नाहीत, तो घाई करतो. घरी वही बघू नका, त्याला तोंडी विचारा." इंग्रजी शाळेत हेच डायरीत एका ओळीत आलं असतं, तेही इंग्रजीत, आणि आईला ते वाचून दाखवायला मला रात्रीची वाट बघायला लागली असती.

आता जिल्हा परिषद शाळेचं दुखणं. आमचा पट ३४. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने साठपर्यंत दोन शिक्षक, म्हणून चार वर्गांना दोनच. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसरीत. प्रशिक्षण निघालं, मतदार यादीचं काम निघालं, निवडणूक आली की एक शिक्षक बाहेर आणि चारही वर्ग एकाच्या गळ्यात. गेल्या वर्षी असे बरेच दिवस गेले. शिवाय बदली. आज ज्या बाईंचं मी एवढं कौतुक करतोय, त्या उद्या दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकतात. पुणे जिल्ह्यातली वाबळेवाडीची शाळा किंवा सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला असताना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी, ही नावं घेऊन लोक म्हणतात जिल्हा परिषद शाळा अशा असतात. सगळ्या तशा नसतात. आमचीही नाही. बरी आहे आणि जवळ आहे.

पैशाचं फार बोलत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. फीपेक्षा आम्हाला व्हॅन, गणवेश, स्नेहसंमेलनाचे कपडे आणि दर पंधरा दिवसांनी लागणारा प्रोजेक्टचा पुठ्ठा-रंग हेच जास्त लागलं.

बातम्या ऐकून गोंधळलेल्यांसाठी दोन शब्द. पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, हा एप्रिल आणि जून २०२५ चा निर्णय २९ जून २०२५ ला शासनाने मागे घेतला, तेव्हा त्यावरून शाळा ठरवू नका. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आता खऱ्या अर्थाने परीक्षा आहे. पास झालं नाही तर पुन्हा बसायची संधी मिळते, तिथेही राहिलं तर त्याच वर्गात. राज्य मंडळाची शाळा कुठलीही घ्या, हे सारखंच. आणि पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत. एखादी शाळा त्याच्याही आधी घेते म्हणाली तर आनंद मानू नका.

तुम्ही तालुक्यातच राहत असाल, इंग्रजी शाळा चालत जाण्याएवढी जवळ असेल आणि घरात रोज पोराची वही बघणारं कोणी असेल, तर मी तुम्हाला अडवणार नाही. मीही कदाचित तेच केलं असतं. फक्त प्रवेश घेण्याआधी शाळेचा युडायस क्रमांक (शासनाच्या नोंदीतला शाळेचा क्रमांक) मागा आणि मान्यता कितव्या इयत्तेपर्यंत आहे ते कागदावर बघा. तोंडी सांगणं पुरे नाही. आणि व्हॅनच्या चालकाशी स्वतः बोला. पहिलं पोर किती वाजता चढतं, लहान-मोठ्यांची फेरी एकच का वेगळी, गाडीत बाई मदतनीस असते का. जमलं तर एक दिवस शाळा सुरू व्हायच्या तासभर आधी जाऊन बघा, पोरं कुठे बसलीत.

जिल्हा परिषदेची बघत असाल तर शिक्षक किती, बदलीपात्र कोण आणि पट घसरतोय का वाढतोय हे विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यातल्या कोणाला तरी गाठा, ते खरं सांगतात. मी गेल्या वर्षीपासून समितीत आहे. दुसरे शिक्षक बाहेर असतील त्या दिवशी गावातली बीएड झालेली मुलगी येऊन बसते, एवढं आम्ही जमवलंय. फार नाही, पण वर्ग ओस पडत नाही.

मधूनच शाळा बदलायची असेल तर दाखल्यासाठी जूनभर हेलपाटे घालत बसू नका. जुन्या शाळेकडून दाखला यायला उशीर झाला म्हणून जिल्हा परिषद शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, कायद्यातच तसं आहे. आम्ही पहिल्याच दिवशी पोराला वर्गात बसवलं, दाखला नंतर आला.

गावची शाळा चौथीपर्यंतच आहे. म्हणजे पुढच्या वर्षी थोरल्यासाठी हा प्रश्न पुन्हा उभा राहणारच. शेजारच्या गावचं हायस्कूल तीन किलोमीटर, मधे एक चढ. धाकटी पाचवीत जाईल तेव्हा तिला एसटीचा मोफत पास मिळेल, अहिल्याबाई होळकर योजनेतून. थोरल्यासाठी सायकल बघून ठेवली आहे. परवाच्या रविवारी मला बरोबर घेऊन तो सायकलने तो चढ चढून आला, वाटेत एकदाच खाली उतरला.