गावात कोणता माहितीपट लावावा?

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका शिक्षकमित्राला प्रोजेक्टर एकाच संध्याकाळी मिळणार आहे. हवामानबदलावरचा ‘ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रुथ’ लावू की पाणी फाउंडेशनच्या पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवण्या-जिरवण्याच्या, प्रशिक्षण फिल्म? पुरस्कार आणि व्ह्यूज बाजूला ठेवून बघू.

भाषा आणि वेळ: पहिला २००६ चा, इंग्रजी, दीड तासाच्या वर. सबटायटल वाचता वाचता मागची मंडळी तंबाखू मळायला उठणार. दुसऱ्या मराठीत आहेत, विषय संपला.

कारण समजणं: इथं पहिलाच सरस. कार्बन डायऑक्साइडचा आलेख कुठवर जाणार हे दाखवायला अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर चक्क लिफ्टवर चढतात. ते आठवीच्या पोरालाही कळतं. तापमान का वाढतंय, हे चर खोदायच्या फिल्ममधून कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी काय: खरा फरक इथं. हिमनद्या वितळताना बघून माणूस हळहळतो आणि घरी जाऊन झोपतो. उतारावर एकाच पातळीत खोदायचा सलग समतल चर कसा आखायचा, काम माथ्याकडून पायथ्याकडं का न्यायचं, हे दिसलं की निदान टिकाव-फावडं शोधलं जातं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत, शेजारच्या बीड जिल्ह्यातला अंबाजोगाई तालुका होताच. त्याच एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आपल्याकडच्यांना वेगळी भीती घालायची गरज नाही. मात्र पाणी अडवल्यानं उत्सर्जन घटत नाही, आणि अडवलेलं पाणी उसाला गेलं तर बोअर पुन्हा कोरडेच.

ग्रामसभेला प्रशिक्षण फिल्म. नववी-दहावी आणि कॉलेजच्या मुलांना गोर, तेही मध्ये थांबवून, मराठीत समजावत.